'चालू' खाण म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

राज्यातल्या चालू खाणी आणि दगडखाणींचा नकाशा सगळ्यांना बघता यायला हवा ही मागणी बरोबरच आहे, पण 'चालू' म्हणजे नक्की काय यावर कोणी बोलतच नाही. परवाना जिवंत आहे म्हणून चालू, की तिथे खरंच खोदकाम होतंय म्हणून चालू? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना असून वर्षानुवर्षं पाणी भरून पडलेल्या खाणी असतात, आणि मुदत संपली तरी रात्री डंपर निघतात अशाही असतात. अमेरिकेचं खाण-सुरक्षा खातं यात नुसतं चालू-बंद करत नाही, अधूनमधून चालणारी, तात्पुरती थांबवलेली, सोडून दिलेली, सोडून देऊन तोंड बंद केलेली असे वेगवेगळे शेरे ठेवतं. आपल्या नकाशात एकच लाल ठिपका का म्हणून?

ठिपक्यांचंही एक आहेच. मी मध्यंतरी हौसेने परवान्यांच्या एका यादीतले पॉइंट सॅटेलाइट फोटोवर टाकून बघितले तर काही थेट ऑफिसच्या इमारतीवर पडले, कारण फॉर्ममध्ये पत्ता ऑफिसचा होता! काही भलतीकडेच गेले, ते का हे कळायला मला दोन दिवस लागले. अक्षांश-रेखांशात 60 मिनिटांचा एक अंश, म्हणून अंशानंतर 30 मिनिटं असतील तर दशांशात 0.5 व्हायला पाहिजे, टाइप करणाऱ्याने सरळ .30 टाकलेलं. या एवढ्याशा चुकीने उत्तर-दक्षिण साधारण 22 किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे खाण एका गावात आणि ठिपका तिसऱ्याच गावात.

म्हणून नुसता ठिपका नको, लीजची, म्हणजे खोदायला भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीची, हद्द वेगळ्या रेषेने आणि खोदलेला खड्डा वेगळ्या रेषेने दाखवा. एकावर एक ठेवलं की कोण बाहेर गेलंय ते शाळेतलं पोरगंही सांगेल. भारतात 2016 ला सुरू झालेली सॅटेलाइट देखरेख यंत्रणा लीजच्या हद्दीबाहेर 500 मीटरपर्यंत संशयास्पद खोदकाम शोधते, म्हणजे कल्पना काही जगावेगळी नाही. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, दर 5 दिवसांनी, 10 मीटरच्या पिक्सेलने, म्हणजे फोटोतला एक चौकोन जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा तुकडा. 1 हेक्टरची छोटी दगडखाण म्हणजे 100 पिक्सेल, दिसते की व्यवस्थित.

आता सॅटेलाइटला सगळं कळतं असंही नाही हं. ढग आले की काही दिसत नाही, जमिनीखालच्या खाणीचं फक्त तोंड आणि बाहेरचे ढीग दिसतात, उघडा कातळ किंवा नुकतंच सपाट केलेलं प्लॉटिंगही खाणीसारखंच वाटतं. आणि साध्या फोटोत खड्डा पसरला किती ते कळतं, खोल किती गेला ते नाही. दगड नेमका किती काढला याचा हिशोब हवा असेल तर ड्रोनने मोजणी करावी लागते किंवा माणूस पाठवावा लागतो.

त्यामुळे माझं मागणं छोटंसं आहे. प्रत्येक खाणीवर क्लिक केलं की परवाना कधी संपतो, काम सुरू असल्याचं शेवटचं कधी दिसलं, आणि ते फोटोत दिसलं की कोणी जाऊन बघितलं, एवढं तारखेसकट यावं. तारीख नसेल तर त्या खाणीपुढे 'चालू' लिहू नका, 'माहीत नाही' लिहा, चालेल आम्हाला.

आपला,
एक वाचक