साहस चित्रमालिका : रोजच्या तीन चौकटींचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोजची साहस चित्रमालिका सुरू करण्याचा विचार आहे आणि त्याविषयी वाचकांनी सूचना पाठवाव्यात, हे आवाहन वाचले. मालिका जरूर सुरू करावी. मात्र नायक कोण आणि चित्रकार कोण हे ठरण्याच्या आधी एक गोष्ट पक्की व्हायला हवी. ही कथा रोज एक पट्टी, म्हणजे दोन-तीन चौकटींची एक आडवी ओळ, अशा गतीने वाचली जाणार आहे, आणि ती गती सांभाळणे हे लेखक-चित्रकाराइतकेच संपादकीय टेबलाचेही काम आहे. चित्रे उत्तम असूनही गती बिघडली की मालिका पडते.

आपल्या वाचकांना साहस चित्रकथा नवी नाही. वेताळ (म्हणजेच फँटम) आणि जादूगार मँड्रेक विदर्भात घरोघरी पोचले ते इंद्रजाल कॉमिक्समधून, 1964 ते 1990 या काळात. पण ते पुस्तिकेच्या रूपात. त्यांचा अमेरिकन लेखक ली फॉकने मँड्रेक 1934 मध्ये आणि फँटम 17 फेब्रुवारी 1936 पासून लिहिला तो दैनिकांसाठी, रोज दोन-तीन चौकटी, एकेक कथा काही महिने. इंद्रजालमध्ये त्या पट्ट्या जोडून, पानांत बसवण्यासाठी चौकटी गाळून छापल्या जात. वेताळाच्या देशाचे, बंगाल्लाचे, तिथे डेंकाली झाले, तसा कथेचा वेगही बदलला. महिनोन्‌महिने चाललेली कथा आपण एका बैठकीत संपवली. आबिद सुरतींचा बहादूर तर 1976 मध्ये पुस्तिकेसाठीच जन्मला. मराठी दैनिकात रोज भेटणारे नाव म्हणजे चिंटू, 1991 पासूनचा. पण त्याची गंमत त्याच दिवशी सुरू होते आणि त्याच दिवशी संपते. त्यामुळे आज एखाद्या चांगल्या चित्रकाराला साहसमालिका करायला सांगितली, तर तो पुस्तिकेचे पान रेखाटेल आणि त्याचे तुकडे रोज एक असे छापायला देईल. सर्वांत मोठी चूक इथेच होते. पुस्तिकेच्या पानावर पाच-सहा चौकटी असतात आणि कलाटणी पानाच्या शेवटी येते. त्याचे दोन तुकडे केले की एका दिवशी काहीच घडत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे उरकले जाते.

रोजच्या पट्टीत तीन चौकटी धरू. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे 18 चौकटी. 16 आठवड्यांच्या कथेत 96 पट्ट्या, 288 चौकटी. आकडा ऐसपैस वाटतो, पण त्यातला मोठा वाटा उजळणीत जातो आणि तो जायलाच हवा. कालची पट्टी वाचल्यानंतर वाचक कामावर जाऊन आला आहे, घरचे बघून झोपला आहे. कुणाच्या हाती कालचा अंक पडलेलाच नाही. पहिली चौकट या दोघांसाठी असते. ज्याने काल वाचले तो कंटाळता कामा नये आणि ज्याचे चुकले तो अडता कामा नये. म्हणून उजळणी शक्यतो चित्रातून करावी: तीच विहिरीची कड, तीच फाटलेली बाही, हातात तोच कंदील. शब्दांतून करायची तर ज्याला खरेच ठाऊक नाही अशा माणसाला विचारू द्यावे. ‘तुला माहीतच आहे, काल त्यांनी आपली जीप दरीत ढकलली’ असे दोघे एकमेकांना सांगू लागले की कथा तिथेच खोटी पडते. त्याऐवजी ढाब्यावरचा पोऱ्या विचारतो, ‘साहेब, जीप कुठं हाय?’ आणि उत्तर येते, ‘दरीत.’ उजळणी झाली, माणसाचा स्वभावही कळला.

दुसरी चौकट हा त्या दिवसाचा ऐवज. नवी माहिती, घेतलेला निर्णय किंवा बदललेले नाते, यांपैकी एक काही तरी इथे हवेच. तपासायची रीत सोपी आहे. ही पट्टी काढून टाकली तर पुढची कथा लंगडते का? लंगडत नसेल, तर त्या दिवशी वाचकाला काहीच दिलेले नाही.

तिसरी चौकट उद्यासाठी. इथे नवखा लेखक हमखास जिवावरचे संकट आणतो. रोज कुणी तरी कड्यावर लोंबकळत असेल, तर दुसऱ्या आठवड्यात कुणालाही भीती वाटत नाही. आठवड्यात असे संकट एकदाच यावे. बाकीचे दिवस वाचकाला उद्यापर्यंत अडकवून ठेवणारे लहान गळ पुरतात: ओळखीचे अक्षर, नको त्या बोटातली अंगठी, ‘नाही’ची अपेक्षा असताना आलेले ‘हो’. आणि गळ खोटा नसावा. आज अंधारात दोन डोळे चमकले आणि उद्या ते मांजर निघाले, हे कथेत एकदा खपते. दुसऱ्यांदा तसे केले तर तिसऱ्यांदा वाघ आला तरी वाचक मांजरच समजतो.

आठवड्यालाही स्वतःची चाल असते. सोमवारी उजळणी थोडी जास्त, कारण मधे रविवार गेला. मंगळवार-बुधवारी कथा पुढे ढकलायची. गुरुवारी संथ व्हायला मुभा आहे. चेहरे, जागा, पाऊस यांना जागा याच दिवशी मिळते. शुक्रवारी पेच आवळायचा आणि शनिवारचा गळ सगळ्यांत मजबूत, कारण त्याला दोन रात्री तग धरायची असते. निःशब्द पट्टीही याच हिशेबातून मिळवावी लागते. अमेरिकन चित्रकार मिल्टन कॅनिफच्या ‘टेरी अँड द पायरेट्स’ या दैनिक साहसमालिकेत रेव्हन शर्मन ही महत्त्वाची नायिका 16 ऑक्टोबर 1941 च्या पट्टीत मरण पावली. दुसऱ्या दिवशीच्या दफनाच्या पट्टीत जवळजवळ शब्द नव्हते. वाचकांनी शोकाची पत्रे पाठवली. ती पट्टी भिडली, कारण आधीचे कित्येक दिवस ट्रकमधून फेकल्या गेलेल्या त्या बाईचा जीव वाचेल का, एवढ्याच प्रश्नावर कॅनिफने वाचकाला धरून ठेवले होते. पुस्तिकेत हे सारे काही मिनिटांत उलटून गेले असते.

रविवारचे काय करायचे, हा निर्णय आपला आहे आणि तो आधीच घ्यावा. कॅनिफने रोजची आणि रविवारची कथा एकच ठेवली. पण काही दैनिके फक्त रोजची पट्टी घेत आणि काही फक्त रविवारची. त्यामुळे रविवारी शनिवारचे आणि सोमवारी रविवारचे पुन्हा सांगावे लागे. कॅनिफच्या हाताला ते पेलले. नवख्याच्या हाती तीन दिवस एकाच जागी रुततात. फॉकने फँटमची रविवारची कथा वेगळीच ठेवली. ती 1939 मध्ये सुरू झाली. हॅल फॉस्टरने 1937 पासून ‘प्रिन्स व्हॅलिअंट’ फक्त रविवारी केला, संवादाचे फुगे न वापरता, चित्राखाली निवेदन देऊन. आपण सोमवार ते शनिवार एवढेच करावे आणि रविवारी विश्रांती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका चित्रकाराकडून सात दिवस मागितले तर तिसऱ्या महिन्यात पार्श्वभूमी गायब होते, सगळी पात्रे कोऱ्या भिंतीपुढे उभी राहून बोलू लागतात.

कथेतले घड्याळ आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांची सांगड हा सर्वांत अवघड भाग. कथेतली एक रात्र छापून यायला सहज तीन आठवडे लागतात. वाचकाला वेळेचे भान राहावे म्हणून सावल्या, घड्याळ, दुकानांची शटर्स यांतून प्रहर दाखवत राहावे आणि ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ ही उडी शक्यतो सोमवारी घ्यावी. नागपूरचेच उदाहरण घेऊ. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला खुला होतो. नायिकेला हवी असलेली वस्तू किल्ल्यात असेल, तर तिला आत जायला यांपैकीच एखादा दिवस. कथा जूनच्या पहिल्या सोमवारी सुरू केली तर 15 ऑगस्ट दहाव्या-अकराव्या आठवड्यात येतो. 16 आठवड्यांची कथा नेमकी तिथेच ढिली पडते. पाठलाग, पकडणे, सुटका यांचे चक्र फिरून झालेले असते आणि शेवट अजून दूर असतो. खऱ्या तारखेला, खऱ्या दरवाजातून ती आत शिरली तर मधला ढिलेपणा आपोआप सावरतो. मात्र स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी अनेक दैनिकांना सुट्टी असते. म्हणजे 15 तारखेच्या गळाला दोन रात्री टिकायचे आहे आणि 17 ची पट्टी सोमवारच्या पट्टीसारखी, उजळणी वाढवून लिहायची आहे. किल्ल्यातला तो एक दिवस तीन आठवडे चालला, तर बाहेर सप्टेंबर उजाडतो. तेवढे चालते. पण मग त्याच कथेत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी नागपूरची मारबतीची मिरवणूक घालायचा मोह टाळावा. मारबत हवी तर ती वेगळ्या कथेचा कणा करावी, आणि त्या दिवशी तीन चौकटींऐवजी गर्दीची एकच लांब चौकट द्यावी.

अशा तारखा साधायच्या तर पट्ट्या किमान सहा आठवडे आधी तयार असायला हव्यात. सुट्ट्यांची यादी वर्षारंभीच लेखकाच्या हाती द्यावी. लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ दैनिकातली ‘मॉडेस्टी ब्लेझ’ ही साहसमालिका पीटर ओ’डोनेलने 1963 ते 2001 अशी एकहाती लिहिली. तिच्या पट्ट्यांना क्रमांक असत. लंडनचा अंक बंद पण दुसऱ्या शहरातले दैनिक चालू, अशा दिवसांसाठी जादा पट्टी काढून तिच्या क्रमांकाला ‘ए’ अक्षर जोडत. अशी पट्टी वाचली तर आनंद, चुकली तर नुकसान नाही, अशा बेताने लिहावी लागते.

आपल्याकडे हाच प्रश्न डाक आवृत्तीमुळे, म्हणजे बाहेरगावांसाठी आधी छापल्या जाणाऱ्या आवृत्तीमुळे येतो. पट्टी शहराच्या पानावर टाकली तर गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या वाचकाला ती मिळणारच नाही. ती सर्व आवृत्त्यांना समान असलेल्या, लवकर बंद होणाऱ्या पानावर हवी आणि तिची जागा ठरलेली हवी. ऐनवेळी जाहिरात आली की आधी पट्टी उचलली जाते. विनोदी पट्टी एक दिवस गळली तर एक विनोद जातो. साहसकथेत एक दिवस गळला तर दुसऱ्या दिवशीची पहिली चौकट कशाला उत्तर देते तेच कळत नाही. गाळलेली पट्टी दुसऱ्या दिवशी जोडून दोन छापणेही तितकेच वाईट, कारण मधला गळ वाया जातो. नाइलाज झालाच तर सगळा क्रम एक दिवस पुढे सरकवावा. प्रत्येक पट्टीवर क्रमांक घातला तर पान लावणाऱ्याकडून उलटसुलट छपाई होणार नाही.

आकाराबद्दल थोडेच. चार कॉलमांपेक्षा अरुंद छापू नये. मूळ चित्र छापील मापाच्या दुप्पट काढावे, रुंदी उंचीच्या सुमारे सव्वातीन पट. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. पट्टी आकसली की रफार आणि अनुस्वार आधी बुजतात. म्हणून एका फुग्यात 12 ते 15 शब्द, पूर्ण पट्टीत 40 च्या आसपास. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, बारीक रेघांची जाळी एकजीव काळी होते. त्यापेक्षा भरीव काळे आणि कोरे पांढरे यांवर भर द्यावा. पात्रे नुसत्या आकृतीवरून ओळखू यावीत आणि दहा दिवसांनी परतणाऱ्या पात्राचे नाव पहिल्याच चौकटीत कुणी तरी उच्चारावे.

कथेचा शेवट घाईत उरकू नये. शुक्रवारी खलनायक पकडला, शनिवारी सगळे हसले, सोमवारी नवी कथा, असे केले की वाचकाला मालिका सोडायला सोयीची जागा मिळते. शेवटच्या आठवड्यात पुढच्या कथेतले एखादे माणूस आधीच आत आणून ठेवावे. त्याला दोन चौकटी पुरतात.

आणि कथा अर्धवट टाकू नये. ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’ ही 1924 पासूनची मालिका 13 जून 2010 रोजी बंद झाली तेव्हा अ‍ॅनी अपहरणकर्त्याच्याच ताब्यात होती. तिची सुटका वाचकांना 2014 मध्ये ‘डिक ट्रेसी’ या दुसऱ्याच मालिकेत वाचावी लागली. मँड्रेकची रोजची मालिकाही 2013 मध्ये कथेच्या मध्येच थांबली. इतक्या वर्षांच्या वाचकांना असे वाऱ्यावर सोडणे अन्यायाचे आहे. आपण पहिली पट्टी छापण्याआधी 36 पट्ट्या पूर्ण आणि पहिल्या कथेची संहिता शेवटपर्यंत लिहून घ्यावी. चित्रकार आजारी पडला तर त्या सहा आठवड्यांत दुसरा हात तयार करता येतो. मालिका बंद करायची वेळ आलीच, तर चालू कथा संपल्यावरच ती बंद करावी आणि लेखकाला निदान चार आठवडे आधी कळवावे. एवढ्या अवधीत 24 पट्ट्या मिळतात आणि कोणतीही कथा त्यात नीट मिटवता येते.

आपला,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर