दुर्बिणीच्या अलीकडे आणि पलीकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाकातून दुर्बीण घालून ‘मेंदूतली गाठ’ काढल्याची बातमी आपल्या आरोग्य पानावर वाचली. ‘ना टाके, ना व्रण’ असा मथळा होता. मी स्वतः याच शस्त्रक्रियेतून गेलो आहे, त्यामुळे मथळा खोटा म्हणणार नाही. पण बातमीत फक्त शस्त्रक्रियाच होती. तिच्या आधीचे आणि नंतरचे काहीच नव्हते.

आधी एक दुरुस्ती. ही गाठ मेंदूत नसते. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिची ही गाठ. खोबणीच्या लगत नाकामागची हवेची पोकळी येते, म्हणून नाकातून वाट मिळते. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. ‘ब्रेन ट्यूमर’ हे दोन शब्द कानावर पडले आणि आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवले नाही. त्यातले निम्मे रडणे नुसत्या शब्दाने आणले होते. वाटही काही कालपरवाची नव्हे. ऑस्ट्रियातले सर्जन श्लॉफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या बाजूनेच पिट्युटरीची गाठ काढली होती. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी बरीच वर्षे जवळपास हीच वाट धरली आणि पुढे सोडून दिली. कवटी उघडणे त्यांना जास्त भरवशाचे वाटले. अरुंद, अंधाऱ्या बोळात उजेड पोचवायला आधी सूक्ष्मदर्शक आला आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दुर्बीण रुळली.

आता माझे. वर्षभर माझा खांदा दाराच्या चौकटीवर आपटत होता. कधी डावा, कधी उजवा. शेजारून चालणारा माणूस एकदम उगवल्यासारखा वाटायचा. घरचे म्हणत, वेंधळा झालाय. चष्मा दोनदा बदलला. भिंतीवरचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत होतो, मग चूक सापडणार कशी? शेवटी एका तरुण डॉक्टरांनी समोर बसवले आणि म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघा. बोटे हलताना दिसली की सांगा.” मी बघत राहिलो. थोड्या वेळाने विचारले, “तुम्ही हात कधी पसरणार?” हात केव्हाचेच पसरलेले होते आणि दोन्हींची बोटे हलत होती.

दोन्ही डोळ्यांच्या नसा या ग्रंथीच्या वर एकमेकींत गुंफतात. गाठ वर सरकली की बाहेरच्या कडा दाखवणारे तंतू आधी दबतात. समोरचे स्वच्छ दिसते, कडा मात्र नकळत गळून जातात. बोटांच्या या तपासणीला ना यंत्र लागते, ना पाच मिनिटे.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असेही नाही. गाठ प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तयार करणारी असेल, तर बहुधा आधी गोळ्याच देतात आणि पुष्कळदा ती त्यानेच आक्रसते. हे आधीच्या रक्ततपासणीत कळते. ही एक ओळ बातमीत असायला हवी होती.

माझे नाक-कान-घशाचे आणि मेंदूचे असे दोन सर्जन एकत्र होते. दुसऱ्या दिवशी डोके न हलवता खिडकीची दोन्ही टोके दिसली, तेव्हा रडू आले. मात्र ‘व्रण नाही’ म्हणजे जखम नाही असे नव्हे. नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, वजन उचलायचे नाही. पुढे वाकवून नाकातून पाण्यासारखे काही टपकते का ते बघत, कारण ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. लघवी दर वेळी मापात घेऊन कागदावर लिहायची. आठवड्याने रक्तातले सोडियम तपासले, कारण ते अशा वेळी अचानक उतरू शकते.

माझ्या ग्रंथीचा काही भाग कायमचा निकामी झाला. शरीराला रोज लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक याच ग्रंथीच्या इशाऱ्यावर बनते, ते आता गोळीतून घ्यावे लागते. ताप आला तर डोस वाढवायचा, बंद कधीच करायचा नाही, हे मला दोनदा बजावले होते. तरी तापात उलट्या होऊ लागल्या तेव्हा पोटाला आराम म्हणून मी गोळीच थांबवली. दुसऱ्या दिवशी उभे राहता येईना. इंजेक्शन आणि सलाइनवर निभावले. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून ही गोळी थांबवायची नाही असे सांगणारे एक कार्ड पाकिटात असते.

अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट द्यावी. तीत पसरलेल्या हातांची तपासणी आणि न थांबवायची गोळी, एवढे दोनच मुद्दे असले तरी चालतील. जागा कमी पडली तर डॉक्टरांच्या सत्काराचा फोटो थोडा लहान करावा.

कळावे,
आपला एक वाचक