सुभेदार काकांना, भोजपूरहून आलेल्या खुकरीच्या निमित्ताने

आदरणीय सुभेदार काका,

सप्रेम नमस्कार.

नेपाळमधल्या भोजपूरहून मागवलेली खुकरी काल संध्याकाळी हातात आली. फोनवर तुम्हाला तेवढंच सांगितलं, कारण पुढचं बोलताना आवाज धड निघाला नसता. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पारंपरिक पाती जमवायला नुकतीच सुरुवात केलेले माझ्यासारखे बरेच आहेत आणि त्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटत नाही.

दोन वर्षांपूर्वी पर्यटकांच्या बाजारात घेतलेली माझी पहिली खुकरी तुम्हाला दाखवायला आणली होती. आरशासारखं पॉलिश, पात्यावर कोरलेला सिंह, पितळी मूठ. तुम्ही तिला नावं ठेवली नाहीत. उठलात, खणातून एक जुनी कानस काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. धारेवर हलकेच फिरवली, कानस धरली. पाठीवर फिरवली, तिथेही तशीच धरली. मग तुमची स्वतःची खुकरी पुढे केलीत. तिच्या पाठीवर कानस धरत होती, पण धारेवर काचेवरून सरकावी तशी सरकली. "याला पाणी दिलंय, त्याला नाही," एवढंच म्हणालात.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खुकरी घडते कशी. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून, ठोकून आकाराला आणायचा. शेवटी तो लाल झाला की अख्खा पाण्यात बुडवायचा नाही. किटलीतून बारीक धार सोडत फक्त कडेला पाणी द्यायचं. कड कठीण होते, पाठ चिवट राहते, म्हणून जोराचा घाव बसला तरी पातं तुटत नाही. हे किटलीचं पाणी कुठे आणि किती वेळ सोडायचं, ते पोलादाच्या रंगावरून ठरतं आणि तो रंग ओळखणारा डोळा एकाच माणसाचा असतो.

तरीही मी तुम्हालाच म्हटलं होतं, काका, माझ्यासाठी तुम्हीच मागवा. तुम्ही साफ नाही म्हणालात. "ज्याच्या हातची घेणार, त्याच्याशी तू बोल. आणि भाव विचारायच्या आधी त्याचं नाव विचार." तेव्हा तुमचा नकार मला लागला होता. मग तुम्ही कामी समाजाबद्दल सांगितलंत. 1854 च्या मुलुकी ऐनने, म्हणजे नेपाळच्या कायद्यानेच, या लोहारांना अस्पृश्य ठरवलं होतं. 1963 मध्ये नवा कायदा आला, पण गावातली वागणूक कायद्याच्या मागे बरीच वर्षं राहिली. दसैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, ज्या घरात खुकरीची पूजा व्हायची, त्या घराचा उंबरा ती घडवणाऱ्याला ओलांडता यायचा नाही. गुरखा पलटणीतल्या मित्राच्या गावी हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगताना तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. माझ्या वहीत आता प्रत्येक पात्यापुढे कारागिराच्या नावाचा रकाना आहे. या वेळी तो भरलेला आहे.

मागणीचं पत्र तुम्ही तीनदा लिहायला लावलंत. पहिल्या पत्रातली नक्षीची सगळी वाक्यं लाल पेनने गेली. मला सिरुपाते हवी होती, सिरू नावाच्या गवताच्या पातीसारखी निमुळती. (आपल्याकडेही गवताची ती पात आणि सुरीचं ते पातं, हे तुम्हीच दाखवून दिलंत.) तुम्ही म्हणालात, आधी रुंद, भारदस्त भोजपुरे घे, घडणावळ तिच्यात नीट वाचता येते. पातं 10 इंच. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिबिटांनी पक्कं केलेलं, म्हणजे पानावल. मूठ शिसवीची, कारण कोरड्या हवेत शिंग आकसतं आणि तडकतं. मूठ बसवण्याआधी पात्याचा फोटो. आणि शेवटी तुम्ही स्वतःच्या हाताने घातलेलं एक वाक्य: पाठीवर घणाच्या खुणा राहिल्या तर चालतील.

त्या एका वाक्याने काय केलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. खुकरी घडवणाऱ्या दाइंचा (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) फोन आला, मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही बोललो. ते म्हणाले, घणाच्या खुणा दिसल्या की लोक माल खराब म्हणून परत पाठवतात, म्हणून त्या घासून काढाव्या लागतात. या पात्यावर त्यांनी त्या मुद्दाम राखल्या. मुठीपासून चार बोटांवर, एकाशेजारी एक, तीन उथळ खळगे आहेत. अंगठा बरोबर तिथे बसतो.

मधले चार महिने मी तुम्हाला फार छळलं. पार्सल वाटेत अकरा दिवस अडकलं तेव्हा तर रोज. तुम्ही प्रत्येक फोन घेतलात.

काल म्यानातून काढताना तुमचा हात आठवला. म्यान मुठीत आवळून धरायचं नाही, मागच्या बाजूने, पाठीकडून धरायचं. आतली लाकडाची दोन फळकुटं आणि वरचं चामडं धारेने चिरलं तर बोटं तिथेच असतात. तुम्ही माझी चार बोटं धरून एकेक मागे सरकवली होतीत. काल ती आपोआप मागे गेली.

सोबत कर्द (छोटी सुरी) आणि चकमक (धार सरळ करायचं छोटं बोथट पातं) दोन्ही आलेत. पात्याला तेलाचा हात दिलाय. चामड्यात राहून गंज धरू नये म्हणून ती म्यानाबाहेर, सुती कापडात गुंडाळून ठेवली आहे. कानस मात्र अजून लावलेली नाही. रविवारी सकाळी खुकरी घेऊन येतो. कानस तुमच्याच खणातली हवी आणि धारेवर ती आधी तुम्ही फिरवायची.

तुमचा,
धाकट्या आळीतला पुतण्या