ताई, तुम्ही त्याला विचारलंत

ताई,

तुमचं नाव लिहायचं नाही, असं तुम्हीच बजावलंय. मुलांचीही नावं कायद्यानं उघड करायची नसतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. म्हणून मोठा आणि धाकटी, एवढंच लिहिते.

नणंद गेली आणि दोघं आमच्याकडे आली. दाजी आधीच गेलेले, कोल्हापूरकडे ऊसतोडीला असताना. भावकीत ठरत आलं होतं : मोठ्याला मुलांच्या बालगृहात ठेवायचं, धाकटीला मुलींच्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आमच्या दोन खोल्या आणि यांची मजुरी सगळ्यांना दिसत होती. मीही गप्पच होते.

तुम्ही आलात, चहा बाजूला ठेवलात आणि ओट्यावर त्याच्याशेजारी बसलात. "तुला काय वाटतं रे?" तोवर आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. बराच वेळ तो चपलेचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "तिला रात्री बाहेर जायला भ्या वाटतं. मी बॅटरी धरून उभा राहतो. तिथं कोण धरणार?"

अशा मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढं तुम्ही हेच त्याला त्याच्या तोंडानं सांगू दिलंत. दुसऱ्या कुटुंबात ठेवताना भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून प्रयत्न करायचे, मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे 2015 च्या बालन्याय कायद्यातच आहे, असं बाहेरच्या बाकावर मला समजावलंत. म्हणून तर आत मला बोलायचा धीर झाला, दोघं आमच्याकडेच राहू देत.

मग बालसंगोपन योजनेची कागदपत्रं. अशी मुलं घरी सांभाळायला सरकार एका मुलामागं महिन्याला 2250 रुपये देतं, पण आधी उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक, घरासमोरचा फोटो. दाजींच्या मृत्यूच्या दाखल्यावर सगळं अडलं. माणूस जिथं जातो तिथंच नोंद होते, आणि मी तालुक्याबाहेर एकटी कधी गेलेली नाही. तुम्ही फोन करून करून तो मिळवलात. एका खिडकीवरून तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मला रडू आवरेना. तुम्ही फाईल घेतलीत, झेरॉक्स नीट लावल्यात आणि म्हणालात, "चला वहिनी, परत रांगेत." एसटीचं माझं अर्धं तिकीटही तुम्हीच काढायचात. तुमचे उपकार कसे फेडू?

पहिले पैसे जमा झाले, त्यात दोघांना दप्तरं घेतली. आणि परवा रात्री धाकटी एकटी मोरीपर्यंत जाऊन आली. मोठा दारातच उभा होता, बॅटरी बंद करून. तुम्हाला कधी सांगते असं झालं होतं.

दोघांची मामी