शनिवारी डॉक्टर घरीच येणारेत

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की आईचा आवाज बदलतो, मग माझाही, आणि बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणून ठेवून देतात, गेले चार फोन हेच चाललंय. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, बाबांनी मोठ्यांदा वाचायचं आणि आई, मधेच उठून किचनमध्ये जायचं नाही.

बंड्याचं मी ठरवलंय, आपल्या कुत्र्याला आता इंजेक्शन देऊन यातून सोडवायचं. डॉक्टरांशी बोलले, दादाशी बोलले, शनिवारी सकाळी डॉक्टर घरीच येणारेत आणि मी शुक्रवारी रात्री पोचतेय. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाला असतात तेही माहितेय, "अजून आठवडाभर बघू." असे पाच आठवडे बघून झालेत. तुमच्यापैकी कुणीतरी एकानं हो म्हणायचं आणि मग दुपारभर पडल्यापडल्या तेच उगाळत बसायचं, हे मला नको होतं. तेव्हा हो मी म्हटलंय. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

आई, तू रोज सांगतेस आज दोन घास खाल्ले. परवाच्या व्हिडिओत कोपऱ्यात तुझं बोट दिसत होतं गं, तू त्याच्या ओठाला लावत होतीस आणि तो मान फिरवत होता. हट्ट नाहीये तो, त्याला सतत मळमळतंय. किडन्या रक्त साफ करत नाहीत म्हटल्यावर सगळी घाण अंगातच राहते, तोंडात फोड येतात, तू ज्याला म्हातारपणाचा वास म्हणायचीस तो हाच. आणि ते "मला आधी कसं कळलं नाही" आता कृपा करून बंद कर. किडनीचं साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनसुद्धा, म्हणजे रक्तातली ती घाण ज्यावरून मोजतात तो आकडा, वाढलेलं दिसत नाही. जे रिपोर्टला दिसत नाही ते तुला कुठून दिसणार? उलट तो पाणी जास्त पितोय हे घरात पहिल्यांदा तूच बोललीस, आम्हीच तुला म्हणालो की उन्हाळा आहे.

आता त्याचं क्रिएटिनिन ७.८ आहे. ५ च्या वर गेलं की शेवटची, चौथी स्टेज धरतात. दोनदा ॲडमिट करून सलाईन झालं, चार दिवस बरा असायचा की परत तेच. घरी कातडीखाली सलाईन द्यायला बाबा शिकले, स्वतःची शुगर बघायला बोट टोचताना तोंड फिरवणारे आमचे बाबा. काही करायचं राहिलं असं एकही नाहीये, खरंच.

एक मार्कांची पद्धत असते, दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ गोष्टी, प्रत्येकीला १० मार्क, ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय म्हणायचं. मी आणि दादानं एकमेकांना न विचारता दिले. माझे २१ झाले, दादाचे १९. मी तर हात सैल सोडून दिले होते. आनंदापाशी अडले, कारण बाबा चप्पल घालायला लागले की अजून एकदा तरी शेपटी जमिनीवर आपटतो तो. त्याचे ५ दिले.

शनिवारी काय होणार ते आत्ताच सांगून ठेवते, ऐनवेळी दचकायला नको. आधी गुंगीचं इंजेक्शन, १०-१५ मिनिटांत गाढ झोपेल. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीचंच औषध, फक्त डोस खूप मोठा. आधी शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय, सगळं काही मिनिटांत. त्याला कळणार नाही. डोळे मात्र मिटत नाहीत, उघडेच राहतात. आणि नंतर श्वास घेतल्यासारखं, पाय हलल्यासारखं होऊ शकतं, ते नुसते स्नायू असतात. बाबा, तेव्हा "थांबा, थांबा, आहे अजून" करू नका, म्हणून आधी लिहितेय.

आई, बघवणार नसेल तर तू बाहेर जाऊन उभी रहा. माझ्या इंजेक्शनच्या वेळीही तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन थांबायचीस, आणि बाबा माझ्या डोळ्यांवर हात ठेवून विचारायचे, सांग बरं माझ्या शर्टाला बटणं किती. सहा! बाबा, त्याच्या डोक्याशी तुम्हीच बसा. ऐकू येत नाही त्याला, पण तुमच्या हाताचा वास येतो.

त्याला टेबलावर चढवायचं नाही, हॉलमधली त्याची तीच गादी, हे मी डॉक्टरांना सांगितलंय. खाली जुनी चादर घाला, शेवटी शू होऊ शकते. अंगावर बाबांचा राखाडी स्वेटर, ज्याच्यावरून मावशीनं दोन वर्षं अबोला धरला तोच.

तोवर माझं ऐका. पथ्याचं खाणं बंद, बिस्कीट हुंगलं तर दोन द्या, नाही खाल्लं तर मागे लागू नका. बाबा, तुमची गुडघ्याची गोळी त्याला चुकूनही द्यायची नाही, माणसांच्या पेनकिलरनं उरलीसुरली किडनीही जाते आणि उलट्या वेगळ्याच. उचलून पायऱ्या उतरायच्या नाहीत, दादा सकाळ-संध्याकाळ येतोय, त्याला उचलू दे. आई, रात्री त्याच्याजवळ झोपतेस ते झोप, पण फरशीवर नाही, गादी घालून झोप आणि कंबरेला पट्टा लाव.

आणि बाबा, रविवारी सकाळी सहाला चप्पल घालायची. १४ वर्षं तुमची शुगर त्या कुत्र्यानं सांभाळलीय, गोळ्यांचं काय घेऊन बसलात. मी आठ दिवस रजा टाकलीय, मी येईन बरोबर, हळू चालू, बोलायचं नसेल तर नाही बोलायचं. बंड्याचा पट्टा खुंटीवरच राहू दे, कुणी काढायची घाई करू नका. दुसरं पिल्लू आणू या असं लगेच म्हणायचं नाही हे दादाला बजावून ठेवलंय.

शुक्रवारी मला उशीर होईल, जागत बसू नका. दार मी माझ्या किल्लीनं उघडेन. हॉलमधला दिवा लावू नका. वासानं त्याला कळणारच आणि मग उठायची धडपड करेल, म्हणून मी आधी त्याच्याजवळ खाली बसणारे. तुम्हाला नंतर भेटते.

तुमची,
छकुली