घर सोडतीत मिळो, शेजारही सोडतीतच का?

महोदय,

वरळीच्या बीडीडी चाळी म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी. त्यांच्या पुनर्विकासात पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांची खोली सोडून 500 चौरस फुटांचं घर, तेही घरात संडास-बाथरूम असलेलं. आनंदाचीच गोष्ट आहे. ‘चाळ गेली, माणुसकी गेली’ म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पहाटे बादली घेऊन संडासाच्या रांगेत जे कधी उभे राहिले नाहीत, त्यांनाच बहुधा चाळीचे उमाळे येतात.

चाळीतली माणसं मुळातच जास्त प्रेमळ होती असंही नाही. मजल्यावर वीस खोल्या, मधून एकच अंधारा पॅसेज, टोकाला सामाईक संडास. खोलीत मावत नाही म्हणून पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचा पेपर, बायकांचं निवडणं-टिपणं सगळं दाराबाहेर यायचं. दार लावलं तर उकडायचं, म्हणून दारं उघडी. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरात दोन दिवस धड स्वयंपाक झालेला नाही, हे कोणी न सांगता कळायचं. रात्रपाळीला निघालेली बाई ‘जरा लक्ष ठेवा हं’ एवढंच म्हणून पोराला शेजारी सोडून जायची. मयत झालं तर सामान कोण आणणार, गावी कोण कळवणार, चहा कोणाकडून येणार, हे कोणाला ठरवावं लागत नसे.

याच जागेनं भिंतीही उभ्या केल्या, हेही सांगायला हवं. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्या संघर्षातून दंगल पेटली. एका आवारात राहणारी माणसं एकमेकांवर दगड घेऊन धावली. म्हणूनच नव्या इमारतीत कोण कोणाच्या शेजारी येतो, ही किरकोळ बाब समजू नये.

कोणाला कुठलं घर मिळणार, हे म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, संगणकीय सोडतीनं ठरवतं. वशिल्याला वाव राहत नाही, हे चांगलंच. पण त्यात शेजार विस्कटतो. हयातभर ज्या बाईनं शेजारणीच्या भरवशावर आजारपणं काढली, तिची शेजारीण आता कितव्या मजल्यावर जाईल ते नशिबावर. यावर तोडगा अवघड नाही. पुढच्या टप्प्यांत चार-पाच कुटुंबांना हवं असल्यास एकत्र अर्ज करू द्यावा आणि सोडत त्या गटाची काढावी. मजला कुठला ते नशीब ठरवेल, सोबत कोणाची ते माणसं ठरवतील. गट जातीचे किंवा गावाचे होऊन बसतील, ही शंका खरी आहे. पण चार घरांचा गट म्हणजे काही अख्खी इमारत नव्हे.

दुसरी मागणी बसायच्या जागेची. टॉवरमध्ये लिफ्टसमोर खुर्ची टाकली की सोसायटीची नोटीस येते. आगीच्या दृष्टीनं वाट मोकळी हवी, त्यामुळे नोटीस चूक म्हणता येत नाही. मग बसायची जागा नकाशातच असायला हवी: दर काही मजल्यांवर एक हवेशीर खोली, दोन बाकडी, बस्स. खाली हॉल दिलाय, बाग दिलीय, असं उत्तर मिळेल. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला पंचविसाव्या मजल्यावरून खाली जायला काही कारण लागतं. चाळीत दारात बसायला कारण लागत नव्हतं.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या ज्या इमारती अजून व्हायच्या आहेत, त्यांच्या आराखड्यात एवढा बदल करता येईल का, हे म्हाडानं रहिवाशांची सभा घेऊन सांगावं. येत नसेल तर कोणत्या नियमामुळे, तेही कळू द्या.

– एक चाळकरी, वरळी