घरी ढोरं आहेत का, एवढं तरी विचारा

मा. संपादक,
स. न.

जनावरांचे आजार माणसांत ‘पुन्हा’ येत असल्याचा आपला कालचा लेख वाचला. लेख अभ्यासू आहे, वटवाघळाचा फोटोही झकास. निपाह आला, आफ्रिका आली, तुटणारी जंगलं आली. गोठा तेवढा राहिला. आणि ‘पुन्हा’ कसलं? गेले कधी होते?

मागच्या वर्षी पोळा झाला आणि आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली, गर्भ पडला. वार, म्हणजे गर्भावरचं वेष्टण, आत अडकली. गुरांच्या दवाखान्याला कुलूप. साहेबांकडे आणखी दोन गावांचा कार्यभार. दुसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा मीच कोपरापर्यंत हात घालून वार ओढून काढली. हातमोजे कुठले! बोटाला विळ्याची ताजी चीर होती, तिच्याकडे बघतो कोण.

तीन आठवड्यांनी ताप धरला. दिवस मावळला की चढायचा, पहाटे बनियन पिळावं एवढा घाम. कंबर अशी धरली की खाटेवरून उठायला सालदाराचा खांदा लागे. चार डॉक्टर केले. चौघांनी विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी केली, चौघांना टायफॉईड दिसला, सलाइनच्या बाटल्यांचा हिशेब वेगळाच. अडीच महिन्यांनी धुळ्याला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी धरून सहज विचारलं, “बाबा, घर ढोरे शेतस का?” रक्तात ब्रुसेला निघाला, गाभडलेल्या गुरांकडून येणारा जंतू. त्याचा तो माल्टा ताप. सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या, उतरला. एवढा एक प्रश्न आधीच्या चौघांना फुकटात विचारता आला असता.

गुरांत यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना जन्मात एकदा लस द्यायची असते. २०१९ पासून केंद्राचा कार्यक्रमही आहे म्हणे. आमची कालवड आता दोन दाती झाली, लशीचं वय केव्हाच उलटलं, लस वाटेतच आहे. गुरांच्या दवाखान्यातली गाभडल्याची नोंद माणसांच्या दवाखान्यात कोण कळवतो? हा ताप दुधातूनही येतो; निरसं, न उकळलेलं दूध पिऊ नका, ही एक ओळ तरी लेखात हवी होती. आमच्या तालमीतली पोरं अजून धारोष्ण पेला तोंडाला लावतात.

आणखी एक. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा बर्ड फ्लू आपण २०२१ चा म्हणून छापलात. तो दुसरा. पहिला २००६ च्या फेब्रुवारीतला, देशातला पहिलाच. नंदुरबार आपल्याच आवृत्तीत येतं, निदान ते तरी तपासायचं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. चोपडा, जि. जळगाव

ता. क. : केळीचे भाव आपण परवाचे आज छापता. व्यापारी आजचा भाव मोबाइलवर बघून मळ्यात येतो आणि आम्ही आपला पेपर दाखवून त्याच्याशी भांडतो.